लेकीची शी

नाकाला पदर लावायचा असेल तर आत्ताच लावून घ्या, कारण मी सांगणार आहे ते सगळं शीबद्दल आहे. माझ्या लेकीच्या शीबद्दल. त्या काळात मी दुसऱ्या कशाबद्दल बोललेच नाही असं आमचे हे अजून चिडवतात, आणि ते काही खोटं नाही. आजूबाजूच्या बायका दारात बसून जावांचं, दागिन्यांचं, टीव्हीवरच्या मालिकांचं बोलत. मी आपली पातळ होती का घट्ट होती, पिवळी होती का पांढरी होती, हेच घेऊन बसायची. शेवटी शेवटी मी येताना दिसले की बायका निवडायचं सूप उचलून आत जायला लागल्या. जाईनात का! त्यांची लेकरं धडधाकट होती, त्यांना काय फरक पडत होता.

आमचं घर हळ्ळीखेडचं, कर्नाटकातल्या हुमनाबाद तालुक्यातलं. बाजारच्या रस्त्यावर यांचं बी-बियाणांचं दुकान, गावाबाहेर शेत, आणि घरात आम्ही दोघं, सासू आणि लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी झालेली ही एकुलती एक लेक. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. आत्यांच्या सासऱ्याच्या काळापर्यंत या घरात मेंढरं होती. आत्यांनी स्वतः शेतात मजुरी करून यांना शिकवलं. त्यामुळं घरात शब्द त्यांचा. स्वयंपाकघर तर त्यांचंच राज्य. अंघोळ न करता माठाला हात लावला तर माझी सात पिढ्यांपर्यंत चौकशी व्हायची.

लेक वर्षाची होईपर्यंत बरी होती. गुटगुटीत नाही, पण हसरी, टकामका बघणारी. वरचं खायला लागली आणि तिचं बिनसलं. ते दिवस असे होते की गावात केबल आली होती, किराणा दुकानात पाकिटातल्या शेवया आणि क्रीमची बिस्किटं लटकायला लागली होती, शिकलेली पोरं पुण्याला, हैदराबादला निघाली होती. अशा दिवसांत लहान लेकराला जोंधळ्याची भाकरी कोण देतं? भाकरी आपण खायची. लेकराला दुधात कुस्करलेली मऊ चपाती, सांजा, दुधात बुडवलेलं बिस्किट. घरात सगळ्यांनी हौसेनं तेच दिलं. आणि लेकीला ढाळ लागली ती थांबेचना.

कशी, ते सांगते. ढीगभर. एवढ्याशा पोटात एवढं मावत कसं होतं असं वाटावं इतकी. फिकट, तेलकट, चमकणारी, आणि वास असा की परसातल्या म्हशीनं मान फिरवावी. बादलीभर पाणी ओतलं तरी फरशीचा चिकटा जायचा नाही. हातपाय काड्या आणि पोट तेवढं नगाऱ्यासारखं पुढं. चार वर्षांची झाली तरी दोन वर्षांच्या पोरीचा झगा तिला ढगळ व्हायचा. सदानकदा कडेवर, सदानकदा रडं. इतर पोरं अंगणात धावायची आणि ही माझ्या खांद्यावर डोकं टाकून नुसती बघत बसायची. ते बघणं मला सोसायचं नाही.

हुमनाबादच्या डॉक्टरनं जंताचं औषध दिलं. बिदरच्या डॉक्टरनं टॉनिक दिलं. दर्ग्यातून ताईत आणला, गाणगापूरहून भस्म आणून कपाळाला लावलं, आत्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. पोर काही सुधारेना. ही आपल्या हाती लागते की नाही, ही भीती मी कुणापुढं बोलून दाखवली नाही, पण चोवीस तास ती माझ्या छातीवर बसलेली असायची. गल्लीतली एक बाई तर तोंडावर म्हणाली, "आता दुसऱ्याचं बघा की." त्या बाईशी मी अजून बोलत नाही.

शेवटी गुलबर्ग्याला लेकरांच्या डॉक्टरकडं नेलं. तेव्हा आम्ही गुलबर्गाच म्हणायचो, आता कलबुर्गी म्हणतात. डॉक्टर तरुण होते, मंगळूरकडचे. त्यांचं कन्नड आम्हाला पुस्तकातलं वाटायचं आणि आमचं त्यांना कसलं वाटत असेल देव जाणे. त्यांनी लेकीला तपासलं, डोळ्यांच्या पापण्या उलटून बघितल्या, आणि मग माझ्याकडं वळून विचारलं, "शी कशी करते?"

अहो, कुणीतरी मला विचारलं! मी जी सुरू झाले ती यांनी कोपरानं ढोसेपर्यंत थांबलेच नाही. डॉक्टर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, काही लेकरांना गव्हातलं ग्लुटेन नावाचं सत्त्व सोसत नाही. आतड्याचं आतलं अस्तर झिजून जातं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. तसलंच काही आहे का ते बघायला रक्त तपासायचं, आणि तोंडातून बारीक नळी घालून आतड्याचा एक कण काढून बघायचा. तोपर्यंत गहू बंद करू नका, नाहीतर तपासणीत काही दिसणार नाही.

नळीचं ऐकून हे पांढरेफटक पडले. घरी आल्यावर आत्यांनी तर विषयच संपवला. "त्या चिमणीच्या पोटात नळी घालणार? आधी माझं मढं उचला, मग घाला. आन् रगत काढायला तिच्या अंगात हाय कुठं रगत?" मी हुज्जत घातली, रडले, जेवले नाही. उपयोग झाला नाही. खरं सांगायचं तर नळीचं नाव मलाही नकोच होतं.

माझं माहेर दुबलगुंडी. धाकटा भाऊ बिदरला इंजिनिअर होऊन हैदराबादला गेला आणि तिथून अमेरिकेला. रविवारी त्याचा फोन यायचा. त्या रविवारी मी फोनवर नुसती रडले. पुढच्या रविवारी तो म्हणाला, "अक्का, मी कॉम्प्युटरवर बघितलं. इकडं एक तपासणी हाय. सुई न्हाई, नळी न्हाई. घरीच शी डब्यात धरायची, बर्फात गोठवायची, आन् लॅबला द्यायची. मी येळवसला यायलोय. डबा घेऊनच येतो." येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या, तेव्हा सगळा गाव शेतात जेवायला जातो. परदेशातली लेकरंसुद्धा जमलं तर त्या दिवसाला येतात.

आला. सगळ्यांना वाटलं चॉकलेट काढेल, सेंटची बाटली काढेल. त्यानं बॅगेतून काढला तो डबा. आत एक प्लास्टिकचं भांडं, झाकण, पिशव्या आणि इंग्रजीतली भलीमोठी सूचना. भांडं कमोडच्या कडेला अडकवायचं होतं. आमच्या घरी कुठला कमोड! लेक परसात पेपरवर बसायची. भावानं स्टुलाला मधे भोक आहे असं धरून ते भांडं कसं अडकवायचं याचं प्रात्यक्षिक करून दाखवलं, स्वतः वर बसून. आत्या पदर तोंडात कोंबून हसल्या. म्हणाल्या, "शिकून शिकून हेच शिकलास व्हय रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे तयार. मी भांडं धरून, भाऊ सूचना धरून, हे उगीचच बादली धरून. आणि जी पोर दिवसभर जायची, तिनं त्या दिवशी शी केलीच नाही! सगळे आपल्याकडं बघतायत म्हटल्यावर ती अशी काही अवघडली की नुसती आमच्या तोंडाकडं बघत बसली. दूध पाजलं, फिरवून आणलं, भावानं गाणी म्हटली. काही नाही. दुपार झाली तेव्हा आत्या उठल्या. "चला, निघा सगळे हितनं. जत्रा लावलीय जत्रा." सगळ्यांना परसातून हाकललं, नातीजवळ उकिडव्या बसल्या आणि तिला बोकडाची गोष्ट सांगायला लागल्या. थोड्या वेळानं आतून हाक आली, "ये गं, घेऊन जा तुझा परसाद."

मी भांड्यात घेतलं, झाकण लावलं, पिशवीत घातलं, त्यावर आणखी एक पिशवी. आणि मग खरी पंचाईत झाली. गोठवायचं कुठं? फ्रिज घरात होता, यांनी नुकताच घेतला होता. पण फ्रिज म्हणजे आत्यांचं दुसरं देवघर. देवाच्या नैवेद्याचं दूध, लोणी, सोमवारच्या उपासाची फळं, सगळं त्यात. कोंबडीची अंडीसुद्धा त्यांनी कधी त्यात ठेवू दिली नव्हती. आणि मी त्यात काय ठेवणार होते, ते हातात धरून उभी होते.

हे म्हणाले, स्टँडवरच्या आइस्क्रीमवाल्याकडं मोठा फ्रीझर आहे, तो आपल्या ओळखीचा आहे, विचारतो. गेले आणि तसेच परत आले. तो म्हणाला होता, "मालक, जीव मागा, देतो. पण हे न्हाई." भाऊ घड्याळ बघायला लागला. मला इतका संताप आला, इतका संताप आला की मी ते भांडं घेऊन मधल्या घरात मटकन बसले आणि म्हणाले, माझ्या लेकीच्या नशिबात हेच आहे, नळीही नको, डबाही नको, कुणाला काही नकोच आहे.

आत्या उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या. फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. दुधाचं पातेलं बाहेर आलं, लोण्याचा डबा आला, फळं आली. सगळं ओट्यावर मांडून झाल्यावर मला म्हणाल्या, "ठेव. देवाला काय लेकराचं पोट ठावं न्हाई व्हय? माझं दूध नासलं तर नासू दे." मला त्या क्षणी त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. पण हातात ते भांडं होतं.

भाऊ निघाला तेव्हा थर्माकोलच्या पेटीत बर्फ, बर्फात भांडं. हैदराबादला जाऊन तिथून विमान. आत्यांनी काळजीनं विचारलं, "त्या विमानवाल्यानं विचारलं तर काय सांगशील रे?" तो म्हणाला, "खरं सांगीन. भाचीची शी हाय म्हणून." सगळा गाव हसला. पण मी त्या पेटीकडं अशी बघत होते की माझं सगळं नशीबच तीत बंद करून चाललंय.

मग वाट बघणं आलं. रविवारी फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायची. शेवटी एका रविवारी तो म्हणाला, "अक्का, आलं. गव्हाशीच भांडण दिसतंय तिच्या पोटाचं. पण त्यांनी लिहिलंय, एवढ्यावर ठरवू नका, डॉक्टरला दाखवा." शेवटचं वाक्य कुणी ऐकतंय! अमेरिकेनं सांगितलं, सुई न टोचता सांगितलं, नळी न घालता सांगितलं. त्याच दिवशी घरातली बिस्किटं म्हशीपुढं गेली. चपाती बंद, रवा बंद, मैदा बंद, शेवया बंद. यांनी तर दुकानातून येताना पाव खाणंही सोडलं, लेकीला वास येऊन खावंसं वाटेल म्हणून.

सुरुवातीला थोडा फरक वाटला. माझ्या मनाचा खेळ असेल, पण वाटला. मग पुन्हा तेच. तीच तेलकट, तोच चिकटा, तोच वास. मी रोज सकाळी काडीनं उकरून बघायची. अमेरिकेच्या डब्यानं एकदाच विचारलं होतं, मी रोज विचारत होते आणि रोज तेच उत्तर येत होतं. दोन महिने गेले असतील. लेकीचं वजन पूर्वीचंच, उलट गाल आणखी बसले. आत्या म्हणाल्या, "खोटा हाय त्यांचा कागुद. उगं पोरीचं खाणं तोडलं."

आत्यांनी नातीसाठी काय करायचं सोडलं होतं? चपाती बंद झाली, बिस्किट बंद झालं, मग या काटकीनं खायचं तरी काय, म्हणून त्यांनी खपली काढली. आमच्या विहिरीजवळच्या पट्ट्यात दरवर्षी थोडी खपली असायची. आमच्याकडं बाळंतिणीला खपली, आजारातून उठलेल्याला खपली, साखरेचा आजार झाला की खपली. पण ती खायची म्हणजे सोपं नाही. तिचं टरफल घट्ट, मळणीत सुटत नाही. पाण्याचा हात लावून उखळात कांडावी लागते. मी म्हणायची, गिरणीतून आणू. त्या म्हणायच्या, गिरणीत सत्त्व जातं. त्या वयात, दुखऱ्या खांद्यानं, रोज मुसळ उचलून त्या खपली कांडायच्या, पाखडायच्या आणि गूळ, दूध, सुंठ घालून खीर शिजवायच्या. सकाळी वाटीभर, संध्याकाळी वाटीभर, मांडीवर घेऊन, फुंकून फुंकून भरवायच्या. लेकीलाही दुसरं काही जाईना, तेवढी खीर मात्र आवडीनं खायची.

शेवटी मीच हट्ट धरला आणि आम्ही तिघं पुन्हा गुलबर्ग्याला गेलो. डॉक्टरांनी अमेरिकेचा कागद वाचला. रागावले नाहीत. म्हणाले, "हा इशारा आहे, पुरावा नाही. पण इशारा चुकीचा आहे असंही मी म्हणत नाही. गहू खरंच बंद आहे?"

"बंद म्हणजे बंद," मी म्हणाले. "घरात कण नाही."

"मग सकाळी उठल्यापासून ती काय काय खाते ते सांगा."

मी सांगायला लागले. दूध, भात, वरण, जोंधळ्याची भाकरी कुस्करून, केळं, दोन वेळा खपलीची खीर.

"खपली म्हणजे काय?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. एवढा शिकलेला माणूस आणि खपली माहीत नाही! मंगळूरकडं भातच खातात, तिथं कुठली खपली, असं म्हणून मी त्यांना समजावलं. गहू वेगळा, खपली वेगळी. गहू उष्ण, खपली थंड. आजाऱ्याला देतात ती. हेही पुढं सरसावले. यांचा तर धंदाच बियाणांचा. म्हणाले, "डॉक्टर, खपली आमच्याकडं शेतातच होते. मी सांगतो की."

"सांगा. झाड कसं असतं?"

"गव्हाएवढंच वाढतं. पेरायचीही गव्हाबरोबरच, रब्बीला. मग ओंबी येते. ओंबीला कुसळं असतात. दाणा जरा लांबट, तांबूस..." बोलता बोलता यांचा आवाज बारीक होत गेला. मग ते थांबले. शेवटी हेच म्हणाले, "गव्हाचीच जात आहे ती."

लेक टेबलावरचा पेपरवेट फिरवत होती. माझ्या डोळ्यांपुढं ते मुसळ वर-खाली होत होतं.

डॉक्टर म्हणाले, "एका अर्थानं बरं झालं. ती अजून खातेच आहे, म्हणजे तपासणीत दिसेल. आता तरी नळीला नाही म्हणू नका." हे म्हणाले, "करा." आम्ही तिथंच लॉजवर राहिलो. रक्त घेतलं, दुसऱ्या दिवशी झोपेचं औषध देऊन नळी घातली. तिला काही कळलंसुद्धा नाही. उठली आणि पहिलं वाक्य बोलली, "भूक लागली." मला तीन वर्षांचं रडं तिथं आलं. आठवड्याभरानं अहवाल आले, डॉक्टर म्हणाले होते तेच होतं. पण त्यांनी आम्हाला निघतानाच सांगितलं होतं, खपली आजपासून बंद, जन्मभर.

परतीच्या बसमध्ये आम्हा दोघांना एकच काळजी. आत्यांना सांगायचं कुणी? हे खिडकीबाहेर बघत बसले. दरवेळी असंच करतात.

घरी पोचलो तर आत्या वाटी घेऊनच ओसरीवर बसलेल्या. नात दोन दिवस बाहेर, उपाशी असेल म्हणून. लेक धावत जाऊन त्यांच्या मांडीत बसली. पहिला घास वर गेला आणि मी ओरडले, "आत्या, नका देऊ!" असं ओरडायचं नव्हतं मला. वाटभर मी गोड शब्द जुळवत आले होते. पण घास वर गेला होता.

मग सगळं सांगितलं. आत्यांनी ऐकून घेतलं आणि त्यांचं डोकं फिरलं. "खपलीनं? हिच्या बापाला मी कशावर वाढवलं? माझ्या सासूनं मला बाळंतपणात काय घातलं? त्या मंगळूरच्या पोराला खपली ठावं न्हाई आन् तो मला शिकवायलाय?" वाटी आपटली. मी म्हणाले, अहवाल येईल, कागद बघा. त्या म्हणाल्या, "कागुद बघून बघून थकले मी. एक कागुद अमेरिकेचा, एक गुलबर्ग्याचा. माझा न्हाई इश्वास."

"मग शी बघा," मी म्हणाले. "महिनाभर खपली बंद करा आणि शी बघा."

"मीच बघते. तुझे डोळे तुझ्या मनासारखं बघत्यात. उद्यापासनं परसात तिला मी नेणार. तू यायचं न्हाई."

झालं. उखळ पालथं पडलं आणि रोज सकाळी आजी-नात परसात. मी चुलीपाशी बसून कान लावायची. बाहेर आल्या की विचारायची, "कशी हाय?" आत्या हात धूत म्हणायच्या, "हाय तशीच." मी मागं जाऊन बघावं तर राख टाकून, पाणी मारून सगळं स्वच्छ. रोज असंच. मला काय वेड लागायचं बाकी होतं. इकडं लेक तर वेगळी दिसायला लागलेली. एक दिवस भाकरीचा दुसरा तुकडा मागितला. एक दिवस कडेवरून आपणहून खाली उतरली आणि अंगणात गेली. मी आत्यांना म्हणायची, "बघा की, रडं कमी झालंय तिचं." त्या म्हणायच्या, "व्हय," आणि पुढं बोलायच्या नाहीत. त्यांचंच जेवण कमी झालं होतं. आधी घरभर बोलणाऱ्या आत्या दिवस दिवस गप्प बसून राहायला लागल्या. मला वाटलं, राग आहे माझ्यावरचा.

मग एक दिवस त्या दोघी परसातून लवकर आल्याच नाहीत. दूध उतू जायला लागलं, ते उतरवून मी मागं गेले. लेक चड्डी गुडघ्यावर घेऊन उभी होती. आत्या खाली मातीत बसल्या होत्या, राखेचं टोपलं शेजारी तसंच. मला बघून हाकललं नाही. पेपरकडं बोट दाखवून म्हणाल्या, "बघ."

मी वाकून बघितलं. थोडीशी. बांधलेली, तपकिरी, कोरडी. तेलकटपणा नाही, चमक नाही, तो वास नाही. कुणाच्याही घरातल्या कुठल्याही लेकराची असते तशी. माझ्या लेकीनं आयुष्यात अशी शी केली नव्हती. मी तोंडावर हात घेऊन हसायलाच लागले. वाचली माझी पोर, वाचली, असं काहीतरी बडबडत होते. आणि मग माझं लक्ष आत्यांकडं गेलं.

"आजच झाली व्हय अशी?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. "न्हाई. बरेच दिवस झाले."

"मग सांगितलं कामून न्हाई?"

"रोज वाटायचं, उद्या बिघडंल. बिघडावी असं न्हाई गं, देवाशपथ न्हाई. पर न्हाई बिघडली म्हंजे..." त्यांनी दोन्ही हात उघडून माझ्यापुढं धरले. मुसळाचे घट्टे होते तळव्यांवर. "म्हंजे ह्याच हातानं घालत होते की मी तिला. कांडून कांडून घालत होते."

मी तिथंच मातीत त्यांच्याजवळ बसले आणि त्यांचे हात धरले. लेक आमच्या दोघींकडं बघत होती. मग ती चड्डी तशीच धरून पुढं आली आणि आजीच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाली, "आज्जी, कामून रडायलीस? घाण झाली का?"

"न्हाई गं माझी बाई," आत्या म्हणाल्या, "चांगली झाली. लई चांगली झाली." आणि तिला पोटाशी धरून त्या जास्तच रडायला लागल्या.